रिकाम्या फेऱ्या

१९९९ साली दाजींनी पेंटियम टू घेतला. इचलकरंजीत आमच्या गल्लीत एवढं वेगवान मशीन दुसरं नव्हतं, आणि ते घरी आलं त्याच दिवशी दाजींचे दोन आवडते खेळ चालेनासे झाले. पहिला टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला, कुणाकुणाच्या हातून फ्लॉपीवर आलेला. तो सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ अशी ओळ उमटायची आणि आपण परत सी प्रॉम्प्टवर. पुस्तकात पाहिलं तर २०० म्हणजे शून्याने भागाकार. दुसरा खेळ दाजींनी स्वतः डिप्लोमाला असताना टर्बो सीमध्ये केलेला. अक्षरांचीच गाडी, अक्षरांचाच रस्ता, समोरून येणारे ट्रक चुकवायचे, आणि गाडी एक घर पुढे सरकली की स्पीकरमधून बारीक टिक असा आवाज. हा खेळ चालायचा, पण एंटरवरचं बोट उचलायच्या आत गाडी आपटलेली असायची. टिकटिक ऐकूच यायची नाही, नुसती एक किंकाळी. आमचं निदान ठरलेलं: व्हायरस. त्या काळात संगणकाला दुसरा आजारच नव्हता. दाजींनी दोनदा फॉरमॅट मारला.

दोन्ही खेळांना काहीही झालेलं नव्हतं. फ्लॉपीवरचा बाइट न् बाइट जागच्या जागी होता. मशीन जास्त चांगलं असणं हाच बिघाड होता. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावर जी वही भरत गेली तिचंच हे पुस्तक झालं.

त्या २०० क्रमांकाच्या चुकीपासूनच सुरुवात करते, कारण या विषयातलं बहुतेक सगळं तिच्यात आहे. टर्बो पास्कलमध्ये ‘सीआरटी’ नावाचा एक तयार भाग मिळायचा. तो जोडला की प्रोग्रॅम सुरू होतानाच पडद्यामागे एक मोजणी व्हायची: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, हे मशीन एक रिकामी फेरी किती वेळा मारतं? आलेल्या आकड्याला ५५ने भागलं की एका मिलिसेकंदाच्या फेऱ्या कळल्या. पुढे प्रोग्रॅमने ‘शंभर मिलिसेकंद थांब’ म्हटलं की तेवढ्या फेऱ्या मारत बसायचं. हेतू किती चांगला होता पाहा. मशीन कुठलंही असो, खेळ एकाच चालीने चालावा यासाठीच ही खटपट होती. फक्त भागाकाराचं उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची होती, ६५,५३५ पर्यंतची. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासची मशीन आली आणि उत्तर त्या जागेत मावेना. इंटेलच्या प्रोसेसरला उत्तर न मावणं आणि शून्याने भागणं या दोन्हींसाठी तक्रारीची एकच खूण ठाऊक आहे. म्हणून शून्याचा कुठे पत्ता नसताना संदेश मात्र शून्याचा. मशीन कधीतरी इतकं पळेल हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं.

दाजींनी मोजणीबिजणी काही केली नव्हती. गाडी एक घर सरकली की त्यांनी तीस हजारांची एक रिकामी फेरी टाकली होती, आपल्या हाताला बरी वाटेल इतकी. जुन्या मशीनवर ती फेरी संपायला जो वेळ लागायचा तोच गाडीचा वेग. पेंटियम टूवर ती फेरी संपायला वेळच लागेना.

प्रत्येक खेळ मशीनबद्दल अशा काही गोष्टी धरून चाललेला असतो. त्या कुठे लिहिलेल्या नसतात, कारण लिहिणाऱ्याला त्या मुळात गोष्टीच वाटत नाहीत. माशाला पाणी दिसत नाही तसं. पडदा अमुक आकाराचा, रंग इतकेच, सीडी खणात असणारच, घड्याळ असंच टकटकणार. नवी ऑपरेटिंग सिस्टिम येते तेव्हा खेळ तोच राहतो आणि हे धरलेलं सगळं त्याच्या पायाखालून सरकतं. जुना खेळ नव्या मशीनवर चालवायचा म्हणजे आधी त्याने काय काय धरलं आहे ते हुडकायचं आणि मग त्याला पटेल असं खोटं बोलायचं. या पुस्तकात प्रत्यक्षात हे खोटं कसं बोलायचं तेवढंच सांगितलं आहे.

खोटं बोलण्याची ही कला तशी जुनी. पहिला आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि सुरुवातीच्या कितीतरी खेळांनी तोच वेग जगाचा वेग मानला. पुढची मशीन पळू लागली तेव्हा डब्यावर एक बटण आलं, ‘टर्बो’. नाव असं की दाबलं की संगणक उधळेल असं वाटावं. प्रत्यक्षात त्याचा उपयोग उलटा: जुन्या प्रोग्रॅमसाठी मशीन मुद्दाम मंद करायचं. १९९० सालचा ‘विंग कमांडर’ वेगवान मशीनवर खेळता येण्याच्या पलीकडे जायचा. दाजींनी उघडलेल्या आमच्या कॅफेत पोरं नवीन मशीनवर टर्बो शोधायची आणि सापडलं नाही की त्या मशीनला हलकं समजायची.

आज त्या बटणाचं काम डॉसबॉक्स करतं. २००२ साली दोन डच प्रोग्रॅमरांनी ते पहिल्यांदा बाहेर आणलं. विंडोज २००० आणि एक्सपी आल्यावर शुद्ध डॉस घरातून गेलं होतं आणि डॉसचे खेळ उघड्यावर पडले होते. डॉसबॉक्स तुमच्या संगणकाच्या पोटात एक अख्खा जुना संगणक उभा करतं: प्रोसेसर, व्हीजीए कार्ड, साउंड ब्लास्टर, स्पीकरची टिकटिकसुद्धा. वेग ठरतो ‘सायकल्स’ नावाच्या एका आकड्याने. कंट्रोल धरून एफ ११ दाबलं की तो कमी होतो, एफ १२ दाबलं की वाढतो. मूळ आवृत्तीत साध्या जुन्या खेळांसाठी हा आकडा ३,००० वर ठेवलेला असतो आणि बऱ्याच खेळांना तो मानवतो. डॉसबॉक्सविषयी येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सात या एका आकड्याने मिटतात असा माझा अनुभव. त्यामुळे त्यावरचं प्रकरण लांबलं आहे. वाचकाने कंटाळू नये.

‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ ही पाटी लोकांना मायक्रोसॉफ्टचा आडमुठेपणा वाटते. तिची मुळं खोल आहेत. ६४ बिटांच्या पद्धतीत चालणारा प्रोसेसर डॉसला लागणारी जुनी चाल चालतच नाही. त्यामुळे डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा जो भाग ३२ बिटांच्या विंडोजमध्ये होता तो ६४ बिटांच्या विंडोजमध्ये कधी आलाच नाही. विंडोज ११ तर ३२ बिटांत निघालंच नाही. इथे एक गंमत होते. नव्वदच्या दशकातले बरेच खेळ स्वतः ३२ बिटांचे आहेत, आजही उत्तम चालतील, पण त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटांचा. घर मजबूत, दार कुजलेलं. विंडोज त्यातले काही ओळखीचे इन्स्टॉलर पाहून गुपचूप त्यांच्या जागी नवे चालवतं. बाकीच्यांसाठी आपणच खिडकीतून आत शिरायचं, म्हणजे सीडीवरच्या फायली हाताने काढून घ्यायच्या.

‘नीट चालतो’ याचा अर्थ नुसता ‘सुरू होतो’ असा मी धरलेला नाही. डॉसच्या काळातले बहुतेक रंगीत खेळ ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे. हे ठिपके चार-तीनच्या मॉनिटरवर पसरायचे, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला एकपंचमांश जास्त. चित्रकाराने चेंडू काढला तो हे धरून. तेच ठिपके आजच्या पडद्यावर चौरस दाखवले की चेंडू दबतो, आणि रुंद पडद्यावर ताणले की प्रिन्स ऑफ पर्शिया लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखा दिसतो. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याची व्हिडिओ फीत काढली आणि त्यावरून तो प्रिन्स एकेक चित्र करत उभा केला. त्या पळण्यातली लय अशी ताणलेली मला बघवत नाही. डॉसबॉक्समध्ये आकाराचं प्रमाण राखायची एक ओळ आहे, ती आधी चालू करा.

त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे पडद्याचा ताल. व्हीजीएचा तो ३२० गुणिले २०० चा पडदा सेकंदाला ७० वेळा चित्र बदलायचा. १९९३ चा ‘डूम’ सेकंदाला ३५ पावलं टाकतो ते उगाच नव्हे, ती बरोबर सत्तरच्या निम्मी आहेत. आपल्या साध्या लॅपटॉपचा पडदा ६० वेळा बदलतो. सत्तरांतली दहा चित्रं कुठेतरी गळतात आणि आडवा सरकणारा रस्ता बारीक हिसके देतो. मशीन कितीही महाग असो, हे हिसके जात नाहीत, कारण तो वेगाचा प्रश्नच नसतो. बदलता ताल धरू शकणारे पडदे आता मिळतात आणि त्यांच्यावर हा दोष दिसेनासा होतो. माझ्याकडे तसा पडदा नाही. मी हिसके सोसते.

विंडोजचे खेळ जुळवायला अवघड. डॉसचा खेळ सगळं मशीन स्वतःचं समजायचा, म्हणून त्याला खोटं मशीन दिलं की झालं. विंडोजच्या खेळाने मात्र दर वेळी विंडोजला काहीतरी विचारलेलं असतं, आणि उत्तर देणारं विंडोज बदललेलं असतं. ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलेल्यांना आठवेल: व्हिस्टा आणि विंडोज ७ वर गवत जांभळं आणि पाणी भलत्याच ठिपक्यांचं दिसायचं. हा खेळ २५६ रंगांत चालतो. हे २५६ रंग म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचा एकच रंगांचा डबा. खेळ आपले रंग डब्यात भरून ठेवायचा आणि टास्कबार, डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर मध्येच येऊन त्यातल्या काही वाट्यांत आपले रंग ओतायचा. उपाय खेळणाऱ्यांनीच शोधला. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचा. खालची पट्टी, चिन्हं, सगळं नाहीसं होतं, आणि गवत हिरवं होतं. खेळून झालं की एक्सप्लोरर पुन्हा जिवंत करायचा. हा उपाय आमच्याकडे कुठून आला ते माहीत नसतानाही तो सगळ्यांना माहीत होता.

आता इतकी मोडतोड करावी लागत नाही. मध्ये एक दुभाष्या बसवतात. खेळ एखादी ठरावीक नावाची फाइल मागतो, त्या नावाची आपली फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. विंडोज बहुतेक वेळा आधी तिथेच बघतं. खेळ जुन्या भाषेत बोलतो, दुभाष्या ते आजच्या ग्राफिक्स कार्डला समजेल असं सांगतो. डीजीव्हूडू हा असा एक दुभाष्या, एनग्लाइड दुसरा. एनग्लाइडची कहाणी जरा हळवी आहे. थ्रीडीएफएक्स या कंपनीचं ‘व्हूडू’ कार्ड १९९६ साली आलं आणि ‘ग्लाइड’ ही तिची स्वतःची भाषा. २००० सालच्या अखेरीस कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि ती भाषा बोलणारं कार्ड बाजारातून गेलं. १९९७ च्या ‘नीड फॉर स्पीड टू’च्या खास आवृत्तीत ग्लाइडची सोय होती. आमच्या कॅफेत कुणाकडे व्हूडू कार्ड असणार! आम्ही तो खेळ खरबरीत ठिपक्यांतच खेळलो. वीस वर्षांनी साध्या लॅपटॉपवर दुभाष्या बसवला तेव्हा कडा गुळगुळीत आणि रंग दाट दिसले. म्हणजे हा खेळ असा होता हे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यात जुनी आठवण एकही नव्हती.

या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र चुकांचा आहे. खेळ लिहिताना झालेली चूक जुन्या सिस्टिमवर दडून राहते आणि नवी सिस्टिम आली की वर येते. ‘सिमसिटी’च्या विंडोजवरच्या जुन्या आवृत्तीत अशी एक चूक होती: वापरून परत केलेली मेमरी खेळ लगेच पुन्हा वाचायचा. भाड्याची खोली सोडल्यावर दुसऱ्या दिवशी किल्ली लावून आत शिरण्यासारखंच हे. पूर्वीच्या विंडोजमध्ये खोलीत इतक्यात कुणी राहायला येत नसे, म्हणून निभावलं. विंडोज ९५ मध्ये खोली लगेच दुसऱ्याला जायची आणि खेळ कोसळायचा. जोएल स्पोल्स्की यांनी २००४ साली लिहिलेल्या एका लेखात ही हकिकत आहे: मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोज ९५ मध्येच अशी सोय केली की सिमसिटी चालू आहे का ते बघायचं, असेल तर मेमरी परत घ्यायची घाई करायची नाही. दुसऱ्याच्या चुकीसाठी आपल्या घराचा नियम वाकवायचा. आज एखाद्या प्रोग्रॅमवर उजवी कळ दाबून तुम्ही ‘कंपॅटिबिलिटी’चा पर्याय निवडता, त्यामागे अशाच वाकवलेल्या नियमांची मोठी चळत आहे.

स्वतःच्या खेळासाठी मात्र त्यांनाही हात टेकावे लागले. एक्सपीवरचा पिनबॉल आठवा, एमएस-सीआयटीच्या वर्गात सर बाहेर गेले की प्रत्येक पडद्यावर दिसणारा. त्याचा चित्र बदलण्याचा वेग सुरुवातीला मोकाट होता. मशीन जितकं पळेल तितक्या वेळा तो पडदा रंगवायचा आणि सगळा प्रोसेसर खाऊन टाकायचा. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी त्याला सेकंदाला १०० चित्रांची मर्यादा घातली तेव्हा प्रोसेसरवरचा भार १ टक्क्यावर आला. पुढे ६४ बिटांच्या विंडोजसाठी तो जुळवायला घेतला तर चेंडू भुतासारखा सगळ्यातून आरपार जाऊ लागला. टक्कर ओळखणाऱ्या त्या जुन्या, टिपण नसलेल्या हिशेबात कुठे काय बिनसलं ते वेळेत कळेना, आणि व्हिस्टातून पिनबॉल गेला. नंतर हौशी लोकांनी तयार खेळ उलगडून त्याचा नवा सोर्स कोड लिहून काढला. त्यावरून बांधलेला पिनबॉल आज ६४ बिटांवर व्यवस्थित चालतो. चेंडू कुठूनही आरपार जात नाही.

आणि ताजं उदाहरण ‘जीटीए सॅन आंद्रेआस’चं. पीसीवर हा खेळ २००५ साली आला. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आल्यावर खेळातलं ‘स्किमर’ नावाचं पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं. युक्तीने बोलावलं तर खेळाडूसकट आभाळापलीकडे फेकलं जाऊ लागलं. दोष विंडोजचा, असं सगळ्यांनी म्हटलं. मग या खेळांचे दोष दुरुस्त करणाऱ्या एका प्रोग्रॅमरने खोदून पाहिलं. खेळात वाहनांची एक यादी आहे, एका वाहनाला एक ओळ. विमानाच्या ओळीत शेवटी चाकांचे आकार हवेत. स्किमर आधीच्या ‘व्हाइस सिटी’त ‘बोट’ या वर्गात होतं, त्याला चाकंच नाहीत, म्हणून त्याच्या ओळीत ते आकडे लिहायचे राहिले. खेळ ओळ वाचायचा, आकडे सापडायचे नाहीत, आणि मेमरीच्या त्याच जागी आधीच्या वाहनाचे जे आकडे पडून असायचे तेच उचलायचा. वीस वर्षं हे उष्टे आकडे नशिबाने शिल्लक राहिले. नव्या विंडोजमध्ये आतला एक भाग सुधारला आणि त्याने ती जागा जरा जास्त वापरली. आकडे पुसले गेले, कचरा उरला, आणि स्किमरला अवाढव्य चाकं फुटली. विंडोजने काहीच चुकीचं केलं नव्हतं. ती जागा त्याचीच होती.

हे वाचून माझ्या मनात लिहिणाऱ्यांबद्दल राग येत नाही. दाजींची तीस हजारांची फेरी मी पाहिलेली आहे.

राग येतो तो दुसऱ्या एका गोष्टीचा. दोन हजारच्या आसपास बऱ्याच खेळांच्या सीडींना ‘सेफडिस्क’ नावाचं कुलूप होतं. सीडी अस्सल आहे का ते तपासायला विंडोजच्या अगदी आतल्या थरात एक ड्रायव्हर बसायचा. इतक्या आत परक्याचा ड्रायव्हर म्हणजे चोराला वाट, म्हणून २०१५ साली विंडोज १० त्याच्याशिवायच आलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरक्षा-दुरुस्तीने आधीच्या विंडोजवरही तो बंद झाला. निर्णय योग्यच. पण परिणाम बघा. ज्याने दुकानातून पावती घेऊन सीडी आणली त्याचा खेळ बंद पडला, आणि ज्याने लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून कुलूप तोडलेली प्रत उचलली त्याचा चालू राहिला. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारच्याच सीडी जास्त होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या प्रतींतून जागा वाचवायला संगीत आणि चित्रफिती काढून टाकलेल्या असत. काही खेळांना संगीत होतं हेच आमच्या पिढीला पुढे केव्हातरी कळलं.

म्हणून विचारलं जातं: टाकून दिलेल्या खेळांची प्रत उतरवून घेतली तर काय बिघडलं? ‘अबँडनवेअर’ हा शब्द लोकांच्या तोंडी आहे, कायद्यात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून एक राखीव प्रत करू देतं. त्यापुढची वाट अंधारी आहे आणि या पुस्तकात मी ती दाखवलेली नाही. पण मालकांनी खेळ विकायचेच थांबवले तर वाचकाने जायचं कुठे, हा प्रश्नही खोटा नाही. अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मोजलं तेव्हा तिथे निघालेल्या जुन्या खेळांतले ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाले होते. जिथे मिळतात तिथे विकत घ्या, हे माझं सरळ मत. पोलंडमधल्या मंडळींनी २००८ साली सुरू केलेलं जीओजी जुने खेळ कुलपाशिवाय विकतं, पुष्कळदा आत डॉसबॉक्स जुळवूनच. सवलतीच्या दिवसांत एका मिसळीच्या पैशांत खेळ येतो आणि माझ्या पुस्तकातली चार प्रकरणं वाचायची राहिली तरी चालतात.

सोर्स कोड हाती असेल तर सगळंच सोपं. डूमचा कोड १९९७ च्या डिसेंबरात खुला झाला, तोही लिनक्सवरच्या आवृत्तीचा, कारण डॉसच्या आवृत्तीतला आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. तेव्हापासून डूम कशावर चालत नाही ते सांगणं अवघड झालं आहे. प्रिन्सचा मूळ ॲपल टूवरचा कोड मात्र मेकनरला हरवला असंच वाटत होतं. २०१२ साली त्याच्या वडिलांना जुन्या फ्लॉप्यांचं खोकं सापडलं. वीस वर्षांहून जुन्या त्या चकत्या वाचायला जुनी यंत्रं राखून असलेले हौशी लोक धावून आले, आणि त्यांतून निघालेला कोड मेकनरने जगासाठी खुला करून टाकला. कंपन्यांच्या तिजोऱ्यांपेक्षा वडिलांची कपाटं भरवशाची.

पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकते. ॲपलच्या मॅकवर फारच थोडं आहे. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकने ३२ बिटांचे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले, आणि तिथली वाट वेगळ्या माणसाने दाखवावी. लिनक्सवर मात्र दोन प्रकरणं आहेत, कारण वाइन आणि त्यावर व्हॉल्व्हने २०१८ साली बांधलेला प्रोटॉन यांच्यामुळे काही जुने विंडोजचे खेळ आता विंडोजपेक्षा लिनक्सवर बरे चालतात. ‘क्रिकेट ०७’मध्ये नव्या आयपीएलचे संघ आणि जर्सी घालत बसणाऱ्यांचं जग हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे, त्याला मी हात लावलेला नाही. सेटिंगचे आकडे दिले आहेत ते माझ्या दोन मशीनवर करून पाहिलेले. तुमच्याकडे थोडे सरकतील.

हस्तलिखित पुरं झालं तेव्हा मी ते आणि लॅपटॉप घेऊन इचलकरंजीला गेले. दाजींच्या खेळाची फ्लॉपी कधीच वाचेनाशी झाली होती, पण कोडचा कागदावरचा प्रिंट ताईने कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला होता. तो मी टाइप करून घेतला, डॉसबॉक्समध्ये चढवला, ३,००० सायकल्सवर सुरू केला. गाडी चालली. दाजींनी चष्मा वर केला.

“वेग बरोबर आहे?” मी विचारलं.

“बरोबर म्हणजे?”

“तुम्ही लिहिला तेव्हा होता तसा.”

ते बराच वेळ त्या तीस हजारांच्या ओळीकडे बघत राहिले. ती ओळ काही सांगेना. ज्या मशीनवर तो आकडा बरा वाटला होता ते मशीन कॅफे उघडताना विकलेलं. मग त्यांनी पडदा बघणं सोडलं आणि मान वाकडी करून कान स्पीकरजवळ नेला. त्यांच्या वडिलांनी उभ्या हयातीत मागाचा वेग डोळ्यांनी कधी मोजला नव्हता, शेडमध्ये पाऊल टाकताच कुठला माग मंद पडलाय ते सांगायचे. दाजींनी कंट्रोल धरून एफ १२ दोनदा दाबलं. टिकटिक जवळ आली. आणखी एकदा.

“हा. असाच.”

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

“इतकी भराभर नव्हती हो वाजत,” ताई म्हणाली. तिने तो खेळ आयुष्यात एकदाही खेळला नव्हता. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर रात्री पलीकडच्या खोलीतून ती तो नुसता ऐकत होती.

दाजींनी एफ ११ दाबलं. एकदा, मग अजून एकदा.

“आता?”

“अजून थोडी हळू.”